ओरडणारी ती वेगळी

आमच्या तपासणीच्या साहेबांबरोबर चपला घ्यायला जाऊ नये, हे मी एकदाच जाऊन शिकलो. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधल्या दुकानदाराने खास करून घेतलेली जोडी पुढे ठेवली होती. कातडे उत्तम, वेणी बारीक, कान सुबक. त्यांनी दोन्ही चपला उचलल्या, तळाला तळ लावून उजेडात धरल्या आणि मग शर्टाच्या खिशातून व्हर्निअर काढला. कारखान्यात जाडी मोजायचे ते पोलादी माप त्यांच्या खिशात सणावारीही असे. दोन्ही टाचा मोजून झाल्यावर त्यांनी चपला शांतपणे खाली ठेवल्या.

"ही जोडी न्हवं, पावणं. शेजारी हाईत."

दुकानदार हसला. "साहेब, हातानं केल्याली वस्तू हाय. एवढं तेवढं व्हायचंच की."

"व्हायचंच. मग जोडी म्हणून इकू नका. डावी येगळी इका, उजवी येगळी."

त्या संध्याकाळी आम्ही पुरी चप्पल लाइन पालथी घातली. ते जुन्याच चपलांवर परतले आणि त्यांच्या नादाने मीही.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचा ओतकामाचा कारखाना. पंपांचे आणि ट्रॅक्टरचे भाग ओतायचे, घासायचे, पाठवायचे. मी प्लॅनिंगला होतो, अजूनही आहे. ते तपासणी विभागाचे प्रमुख. ठरल्या दिवशी माल गाडीत चढवणे हे माझे काम आणि शंका आली की तो उतरवणे हे त्यांचे. म्हणजे नोकरीने आम्ही एकमेकांचे विरोधक, आणि कोल्हापूरहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कायम शेजारी.

तपासलेल्या मालावर ते कार्ड लावत. हिरवे म्हणजे पास. तांबडे म्हणजे बाद. पिवळे म्हणजे होल्ड: निकाल लागायचा आहे, तोवर कुणी हात लावायचा नाही. तांबडे आणि हिरवे कार्ड सगळेच लावतात. ह्यांचा जीव पिवळ्यावर. "बाद करायला अक्कल लागत न्हाय आणि पास करायला बी लागत न्हाय," ते म्हणत. "थांबायला लागती." कारखान्यात त्यांचे नावच होल्डसाहेब पडले होते.

ते मूळचे नेसरीचे. आवाज असा की भट्टीच्या घरघरीतही त्यांना ओरडावे लागत नसे. नावाने ते कुणालाच हाक मारत नसत. मला 'प्लॅनिंग', स्टोअरवाल्याला 'स्टोअर', भट्टीवरच्या सगळ्यांना 'आण्णा'. पण राग आला की समोरचा माणूस 'पावणं' व्हायचा. रोजच्या ओळखीच्या माणसाला पावणं म्हटले की समजावे, त्याची ओळख तूर्त काढून घेतलेली आहे.

आमच्या फाटकावर दोन जुळे भाऊ पहारेकरी होते. एकदा थोरल्याच्या पाळीला धाकटा उभा राहिला आणि सगळ्या कारखान्याने त्याला थोरला समजून नमस्कार घातला. होल्डसाहेब बसमधून उतरले, दोन पावले पुढे गेले आणि वळून म्हणाले, "भाऊ कुठं गेलाय?"

धाकट्याचा चेहरा पडला. मी नंतर विचारले, ओळखलेत कसे?

"थोरला सलाम ठोकताना डावा खांदा पाडतो. सारखं दिसतंय म्हंजे सारखं असतंय असं न्हाय की."

"मग वर सांगणार?"

"मी माल तपासतो, प्लॅनिंग. माणसं न्हाय."

कारखान्याच्या मागे एक रिकामा प्लॉट होता. मुरमाड, उघडा, उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा. अलीकडच्या बाजूला, कँटीनच्या मागे, सांडपाणी शुद्ध करून सोडलेले तळे. जेवणाच्या सुट्टीत सगळे सावली शोधत, आणि हे दुर्बीण घेऊन कुंपणाच्या भिंतीपाशी उभे राहत. एका चैत्रात त्यांनी मलाही ओढून नेले.

"ती बघा तळ्याकाठची. काय हाय?"

"टिटवी."

"आणि ती, तिकडं मुरमात?"

मला मुरमात आधी काहीच दिसले नाही. मग एक खडा चालू लागला. लांब पिवळे पाय, मातकट अंग. "तीही टिटवीच," मी म्हणालो.

"कशावरनं?"

"पाय पिवळे आहेत. दोघींचे."

ते खूश झाले. शिकवणाऱ्याला चुकीचे उत्तर मिळाले की होतो तसा आनंद. "हितंच सगळी फसत्यात. पाय दोघींचं पिवळंच. पायावर पास करू नका, तोंड बघा."

आणि त्यांनी मला तोंडे दाखवली. तळ्याकाठची अंगाने जराशी थोर. डोके, गळा, छाती काळी; डोळ्यामागून मानेवर उतरलेला पांढरा पट्टा; डोळ्यापुढे तांबड्या मांसाची गाठ आणि चोच तांबडी, टोकाला काळी. मुरमातलीची छाती मातीच्या रंगाची. डोक्यावर तेवढी काळी टोपी, टोपीला पांढरी किनार, आणि डोळ्यापुढून लोंबणारी हळदीसारखी पिवळी गाठ. पहिलीला पाणी जवळ लागते, दुसरीला कोरडा उघडा माळ. पहिली माणूस दिसला की गाव गोळा करते. दुसरीचा आवाज बारीक, तुटक. ऐकायला कान द्यावा लागतो. चिखले म्हणून पाणथळीला जे चिमुकले पक्षी धावतात, त्यांच्याच कुळातल्या ह्या दोघी.

"भणी हाईत," ते म्हणाले. "पर एकीच्या घरात दुसरीला नांदवू नका."

मी हिशेबी माणूस. दोन गोष्टींतला फरक मला आकड्यांत कळतो. पण त्या दुपारी एकाच जागी उभे राहून आपण इतकी वर्षे दोन पक्ष्यांना एकच समजत होतो, हे कळल्यावर मला उगीचच श्रीमंत झाल्यासारखे वाटले. त्यानंतर मीही भिंतीपाशी जाऊ लागलो.

आता मालकांविषयी. उद्यमनगरातल्या एका छोट्या शेडपासून त्यांनी हा कारखाना उभा केला. माणूस उतावळा, पण शब्दाचा पक्का. पूर्वी एकदा घाईत त्यांनी स्वतःच्या हाताने पिवळे कार्ड काढून माल रवाना केला होता. तो सगळाच्या सगळा परत आला. त्यावर मालकांनी एक पाटी रंगवून घेतली आणि तपासणी विभागाच्या दारावर ठोकली: 'होल्ड कार्ड तपासणीशिवाय कोणीही काढायचे नाही. मालकानेसुद्धा.' येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ती पाटी अभिमानाने दाखवत.

त्या वर्षी मागच्या प्लॉटवर नवी यंत्रशाळा बांधायचे ठरले. अक्षय तृतीयेला भूमिपूजन, आणि पूजा झाल्या झाल्या जेसीबीने खुदाई. वेळापत्रक मीच केले होते. पूजेच्या आधी काही दिवस मी प्लॉटच्या मापासाठी गेलो तर मुरमात एक खुंटी, आणि खुंटीला पिवळे कार्ड.

'भाग: अंडी. नग: चार. शेरा: प्रक्रिया अपूर्ण. सोडणार: तपासणी विभाग.'

खुंटीपासून अंतर राखून, खड्यांची कड केलेल्या उथळ खळग्यात, मातकट, काळ्या ठिपक्यांची चार अंडी होती. सांगितल्याशिवाय दिसली नसती.

मालक तपासणी विभागात आले ते दार आपटूनच.

"हे काय लावलंय तुम्ही? जमिनीला कार्ड?"

"जमिनीला न्हाय. मालाला."

"तो माल आपला न्हाय!"

"आपल्या हद्दीत हाय की. निकाल लागल्याबिगर हलवता येत न्हाय." आणि त्यांनी बोटाने दारावरची पाटी दाखवली.

मालकांनी पाटीकडे पाहिले. स्वतःचा नियम स्वतःलाच आडवा आलेला माणूस जसा दिसतो तसे दिसले. मग म्हणाले, "हे बघा. टिटवी म्हंजे अपशकुन, हे आमच्या घरात पाळत्यात. अक्षय तृतीयेला आमची आई येणार हाय पूजेला. ही अंडी उचलून तळ्याकाठी ठेवा. तिथं टिटव्या हाईतच, उबवतील."

"तिथली उबवायची न्हाय, पावणं. ती येगळी."

मालकांना 'पावणं' म्हटलेले मी पहिल्यांदा ऐकले. मालकांनीही पहिल्यांदाच.

"बरं," मालक दातांतून म्हणाले. "त्या दिवसापर्यंत तुमचं कार्ड राहील. पण आमची आई, आक्का, म्हणाली 'काढा', तर पाटी बी निघंल, कार्ड बी निघंल आणि अंडी बी. तिच्यापुढं माझा नियम चालत न्हाय."

त्या संध्याकाळी बसमध्ये, उजळाईवाडी मागे पडल्यावर, ते म्हणाले, "प्लॅनिंग, नोकरीत लई माल थांबवला मी. थांबवला त्यातला थोडा बरोबर बी निघाला असंल. पर हा माल बाद झाला तर परत ओतता येत न्हाय."

अक्षय तृतीयेला सकाळी आम्ही पोचलो आणि त्यांनी बस थांबण्याआधीच उडी टाकली.

ऑफिसच्या मंडळींनी रात्रीतून उत्साह केला होता. मालकांच्या आई येणार, मग टिटवीचेही नीटनेटके असावे म्हणून. अंड्यांवर चार बांबू रोवून हिरवी जाळी ताणली होती. भोवती कुंड्या. टिटवीला पाणी लागतेच, हे लहान पोरालाही ठाऊक. म्हणून टँकरने मुरूम भिजवून चिखल केला होता आणि एका घमेल्यात पिण्यासाठी पाणी भरून ठेवले होते. ओल खळग्याकडे सरकत होती. पक्षी कुठेच नव्हता.

"कुणी केलं हे?"

ऑफिसातला एक जण हौसेने पुढे आला. "साहेब, आम्हीच. टिटवीला गारवा पाहिजे ना?"

"पावणं, तुमच्या म्हशीला नेऊन वाळवंटात बांधू? कसं वाटंल तिला?" ते जाळीकडे धावले. "ही माळावरची हाय! हिला चारी बाजू उघड्या लागत्यात. छप्पर दिसलं की ही येत न्हाय!"

ते आणि मी जाळी सोडू लागलो. कुंड्या हलवायला जुळे पहारेकरी आले, दोघेही. खळग्याच्या वरच्या अंगाला त्यांनी हाताने मुरमाचा बांध घातला आणि ओल अडवली. तेवढ्यात मालकांची गाडी आली.

आक्का उतरल्या. ठेंगण्या, ताठ, नऊवारी नेसलेल्या. त्यांनी दोन पावले टाकली आणि तळ्याकडून टिटवी उठली. गर्दी पाहून ती आमच्या डोक्यावर घिरट्या घालत असे काही ओरडू लागली की गुरुजींनी कलश खाली ठेवला.

"ऐकलंस?" आक्का मालकांना म्हणाल्या. "भूमीवर टिटवी वरडतीया. वंगाळ हाय हे. काढा ती अंडी."

मालकांनी होल्डसाहेबांकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. ते चिखलाच्या हातांनी उभे होते.

"आक्का," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका खाली आला होता. "वरडणारी ती येगळी. अंडी घालणारी येगळी."

"टिटवी ती टिटवी. मला शिकीवतोस व्हय रं?"

"एका घरच्या दोन सुना एकच असत्यात व्हय?"

आक्का थबकल्या. होल्डसाहेबांनी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. "ही डोक्यावरची बघा. गाठ कसली?"

आक्कांनी दुर्बीण उलटी धरली, मग सुलटी. बराच वेळ घिरट्यांमागे मान फिरवली. "तांबडी. कुकवासारखी."

"छाती?"

"काळी."

"ध्यानात ठेवा. हिचं घर तळ्यावर. ही समद्यांवर वरडती, माझ्यावर बी रोज वरडती. आता अंड्यांची धनीण दाखवतो. पर तिला यायला वाट द्यायला पायजे. समद्यांनी भिंतीमागं चला."

"आणि मुहूर्त?" मालक म्हणाले.

गुरुजींना बहुधा सावली हवी होती. "साडेतीन मुहूर्तांतला दिवस आहे," ते म्हणाले. "आज दिवसभर मुहूर्तच."

सगळा कारखाना भिंतीमागे गेला. लोक आता शंभर माणसे होती असे सांगतात. तितकी नव्हती. चहा मी मागवला होता, कप तिसाच्या आत होते. आक्कांना खुर्ची दिली. ऊन चढू लागले. उघड्या मुरमात ती चार अंडी भाजत होती आणि त्यांच्यावर कुणी नव्हते. होल्डसाहेब दुर्बिणीतून एकदाही डोळे काढत नव्हते. त्यांच्या कपाळावरून घाम दुर्बिणीवर टपकत होता. जाळी काढायला उशीर झाला असेल तर सगळे संपले होते, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होते.

"न्हाय येत ती," मालक पुटपुटले.

"थांबा की," आक्काच म्हणाल्या.

मग मुरमातला एक खडा चालला. दोन पावले, थांबा. पुन्हा चार पावले, थांबा. अंग मातकट, पाय पिवळे.

"आली," होल्डसाहेब म्हणाले आणि दुर्बीण आक्कांकडे दिली. "गाठ बघा."

"पिवळी. हळदीची." आक्का पुढे वाकल्या. "डोक्यावर काळी टोपी. ही वरडत न्हाय?"

"वरडती, पर बारीक. गाव गोळा करत न्हाय. आता पोट बघा तिचं."

आक्का पाहत राहिल्या. पक्षी खळग्यापाशी आला, अंगाची पिसे फुगवली, अंड्यांवर बसला आणि हलकेच पोट हलवू लागला.

"वल्लं हाय," आक्का म्हणाल्या. "पोट वल्लं हाय तिचं."

"पाण्यात पोट भिजवून आलीया. अंडी तापली की अशीच आणती. लागंल तेवढंच. टँकर लागत न्हाय तिला."

आक्कांनी दुर्बीण मांडीवर ठेवली. त्या माळावरच्या गावच्या. आमच्या मालकांनी पुढे सांगितले की लहानपणी त्यांनी आईच्या डोक्यावर घागर नाही असे फार कमी उन्हाळे पाहिले होते. त्या वेळी मात्र आम्हाला एवढेच दिसले, की त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मुलाकडे वळल्या.

"वंगाळ कसली रं? उन्हातान्हाची पाणी घिऊन आलीया ती लेकरांस्नी. पूजा त्या पल्याडच्या कोपऱ्यात करा. खणायचं मागनं."

"आक्का, जेसीबी..."

"जेसीबीला अंडी हाईत व्हय?"

भिंतीमागे हसू फुटले आणि होल्डसाहेबांनी दोन्ही हात वर करून ते दाबले, कारण पक्षी बसलेला होता. तीसेक माणसे तोंडावर हात ठेवून हसत होती. इतका मोठा आनंद इतक्या कमी आवाजात मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

पूजा कोपऱ्यात झाली. जेसीबी परत गेला. मी वेळापत्रक नव्याने केले आणि 'विलंबाचे कारण' ह्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले: टिटवी, पिवळ्या गाठीची.

त्यानंतर आक्का अधूनमधून येऊ लागल्या. भिंतीमागे खुर्ची टाकून, छत्री धरून बसत. होल्डसाहेब त्यांना डोळे मिटायला लावून आवाज ओळखायला सांगत. "ही?" "तांबडी." "आणि ही?" "पिवळी. गप की रं, ऐकू दे." एवढा दम आमच्या होल्डसाहेबांना दुसऱ्या कुणी दिला नव्हता आणि इतक्या आनंदाने त्यांनी तो दुसऱ्या कुणाकडून घेतलाही नसता.

एका सकाळी तीन अंडी फुटली. ठिपक्याठिपक्यांची तीन पिल्ले दुपारपर्यंत अंग वाळवून मुरमात धावू लागली. मालकांनी लगेच फोन उचलला. जेसीबीवाला तासाभरात फाटकाशी हजर.

"तीन पास," होल्डसाहेब म्हणाले. "एक होल्ड."

"अहो, एकासाठी?"

"चार नगाचं कार्ड हाय."

जेसीबीवाल्याला चहा पाजून परत पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसमधून उतरलो तर आक्का आमच्या आधीच खुर्चीवर बसलेल्या होत्या. त्यांनी नुसते बोट केले. खळग्यात फुटके कवच होते. पलीकडे मुरमात, पिवळ्या गाठीच्या मागे, पिल्ले चालली होती. मी मोजली. त्यांनी मोजली. पुन्हा मोजली. चार.

ती पाच जणांची वरात कुंपणाखालून शेजारच्या उघड्या माळावर निघून गेली. शेवटचे पिल्लू कुंपणापाशी एकदा कोलमडले, उठले आणि धावले. जुळ्यांपैकी एकाने शिट्टी मारली. कोणी ते मला सांगता आले नाही.

होल्डसाहेब खुंटीपाशी गेले. कार्ड सोडले, खिशातून पेन काढले, आणि सही न करता ते कार्ड त्यांनी आक्कांपुढे धरले.

"मालाची तपासणी तुम्ही केलीसा. सही तुमची."

नोकरीभर त्यांनी सहीचा अधिकार कुणाला दिला नव्हता. रजेवर जातानाही नाही. आक्कांनी पेन घेतले, कार्ड मांडीवर ठेवले आणि 'सोडणार' ह्या शब्दापुढे एकेक अक्षर जोडत आपले नाव लिहिले.

"आमच्या आईला तपासणीत कधी घेतलं?" मालक हसत म्हणाले.

तेवढ्यात तळ्याकडून टिटवी उठली आणि आमच्या डोक्यावर येऊन कर्कश ओरडू लागली. मालक दचकले. "आक्का, टिटवी!"

आक्कांनी वर बघितलेसुद्धा नाही. "ती तांबडी. वरडू दे तिला."

होल्डसाहेबांनी खिशातून हिरवे कार्ड काढले आणि आक्कांच्या छत्रीच्या काडीला अडकवले.

"पास," ते म्हणाले.